तुरुंगाच्या पत्त्यावर बाबांची पत्रं

माझे बाबा बोलत नसत. रागीट नव्हते, नुसते अबोल होते. आर्वीच्या डेपोत एसटीचे चालक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. आई म्हणायची, गाडीत 'चालकाशी बोलू नये' असं लिहिलेलं असतं, ते या माणसानं घरीसुद्धा पाळलं. आई गेली त्या दिवशीही बाबा आल्यागेल्यांना हात जोडत अंगणात बाजेवर बसून होते. ओठ उघडले ते फक्त बुद्धवंदनेला.

माझा धाकटा भाऊ हिंगणघाटला एका जिनिंग कारखान्यात कामाला होता. कापसाच्या हंगामात गेटवर गाड्यांची रांग लागली होती, आधी कोण यावरून वाद झाला आणि त्यानं एका माणसाला ढकललं. तो माणूस वजनकाट्याच्या लोखंडी कडेवर डोकं आपटून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. भाऊ पळाला नाही, तिथंच खाली बसून राहिला. खटला चालला तोवर तो वर्ध्याच्या कारागृहात होता. मी लग्नानंतर वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेला राहते, त्यामुळे मला भेटीला जाणं सोपं होतं. शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी रडत होते, आणि बाबा भावाला म्हणाले, "झालं ते बरोबर झालं. त्या घरचा तर माणूसच गेला. तू भोगून येजो. मी आहो."

नंतर त्याला दूरच्या मोठ्या कारागृहात हलवलं. जायला एक गाडी बदलून दुसरी धरावी लागे आणि पोचेपर्यंत अंगाचं लाकूड होई. दर महिन्याला जाणं आम्हाला झेपणारं नव्हतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलाखतीच्या खिडकीजवळ भिंतीवर पत्रांचे नियम लिहिले होते. मोबाइल बाहेर जमा केलेला, म्हणून मी ते उभ्याउभ्या पाठ करत होते. पाकिटावर कैद्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याचा क्रमांक, बराकीचा क्रमांक. मागे पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, नाहीतर पत्र आत जाणार नाही. पाकिटात कागदाशिवाय काही नको. पिन नको, चिकटपट्टी नको, पैसे नकोत. आपल्या किंवा दुसऱ्या कैद्यांच्या खटल्याबद्दल आणि कारागृहाच्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहू नये. खुणेची भाषा वापरू नये. प्रत्येक पत्र उघडून वाचलं जाईल.

खिडकीमागे चष्मा लावलेल्या एक मॅडम बसल्या होत्या. बाबा भिंतीकडे बघत उभे राहिलेले पाहून त्या म्हणाल्या, "काका, काही विचारायचंय का?"

बाबांनी विचारलं, "हे वाचते कोण?"

"पत्रं? आम्हीच वाचतो. सध्या माझ्याकडे आहे ते काम."

"सगळी?"

"सगळी. वाचल्याशिवाय आत देता येत नाही."

बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "लय वाचा लागत असन बिचारीले." मला त्या वेळी त्यांचा रागच आला. आपल्या घरातलं कुणीतरी परकं वाचणार याचं दुःख करायचं सोडून हे त्या बाईंची कीव करत होते.

आठवड्यातून एकदा भावाला कारागृहातल्या फोनवरून बोलता येई. फोन बाबांच्या मोबाइलवर येई. मी आर्वीला असताना एकदा ऐकला तो संवाद. "जेवला काय?" "हो बाबा." "तब्येत?" "बरी आहे." मग नुसती खरखर. दोघंही फोन कानाला लावून बसलेले, आणि वेळ संपली की तो आपोआप बंद व्हायचा. बाबा मग मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवून खूप वेळ त्यावर हात धरून बसत.

पत्रं मी लिहायची. ख्यालीखुशाली, सासरचं, मुलांच्या शाळेचं. बुद्धपौर्णिमेला आम्ही विहारात गेलो होतो, तिथल्या अंगणात पिंपळ आहे. भाऊ लहानपणी त्याच्या पारावर लोळायचा. मी त्याचं एक कोवळं, तांबूस पान उचललं, पुस्तकात दाबून वाळवलं आणि पत्राबरोबर पाठवून दिलं. कागदाहून पातळ पान, त्यानं काय बिघडणार? पाकीट जसंच्या तसं परत आलं. वर लाल पेनानं लिहिलं होतं, 'आत झाडाचे पान. नियमात बसत नाही.'

मी ते घेऊन आर्वीला गेले आणि बाबांपुढे टाकलं. "पाहा. पानाले भेतात हे लोक."

माहेरी आले की माझ्या तोंडी आमची बोली आपसूक येते. बाबांनी पान काढलं, उन्हाकडे धरलं. त्याच्या जाळीतून उजेड त्यांच्या गालावर पडला होता. बराच वेळ पाहून म्हणाले, "नियम आहे तर आहे. पान नाई जात, तर पानाचं लेहू."

"कोण लेहीन?"

"कागद आन."

मी स्वयंपाक केला, भांडी घासली, अंगण झाडलं. बाबा बाजेवर पाटी मांडीवर घेऊन लिहीत होते. नोकरीत सही आणि अपघाताची खबर सोडून या माणसानं काही लिहिल्याचं मला माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला.

"मी वाचू?"

"वाच ना. तिथं बी वाचणारच आहेत."

पत्राची सुरुवात अशी होती: 'हे पत्र जे पहिल्यांदा वाचून राह्यले त्याहिले जय भीम. मंग माह्या पोराले आशीर्वाद.'

आणि पुढे: 'तुह्या बहिणीनं पिंपळाचं पान धाडलं होतं, ते वापस आलं. म्हणून सांगतो. विहारातला पिंपळ सध्या अर्धा लाल अन् अर्धा हिरवा आहे. नवं पान उमलते तवा ते लेकराच्या कानासारखं असते, मऊ अन् तांबडं. त्याच्या आरपार दिसते. हवा नसली तरी ते हालते. बाकीची सगळी झाडं उभी राहतात तवा हा एकटा हालते. मी आज पारावर बसून पाह्यलं. कोणतं पान पहिले हालते ते सापडत नाई. एकानं दुसऱ्याले सांगावं तसं थेट शेंड्यापर्यंत जाते. तू लहान होता तवा मी ड्युटीवरून आलो की तू मले म्हणे, बाबा, झाड बोलते. मी म्हटलं, हव. पण मी कधी थांबून ऐकलं नोतं. आज ऐकलं. तू म्हणे ते खरं होतं.'

मी तो कागद हातात धरून उंबऱ्यावर बसले. या माणसाच्या घरात मी वाढले होते. त्यांच्या पावलांवरून त्यांचा मूड ओळखत होते. आणि हे सगळं त्यांच्या आत होतं, याची मला कल्पना नव्हती. एखाद्या ओळखीच्या विहिरीत डोकावावं आणि खाली आभाळ दिसावं, तसं झालं मला.

"बाबा," मी म्हटलं, "पण कारागृहातल्या माणसाबद्दल लेहाचं नाई असं होतं न तिथं. तुमी त्याहिले जय भीम लेहला."

"त्याहिच्याबद्दल कुठं लेहलं? त्याहिलेच लेहलं. माणूस आपलं पत्र वाचते तर त्याले नमस्कार नाई कराचा काय?"

पत्र गेलं. परत आलं नाही.

पुढच्या फोनवर भाऊ म्हणाला, "बाबा, पत्र भेटलं." एवढंच. पण बाबांनी दुसऱ्याच दिवशी पोस्टातून पाकिटं आणली.

त्यानंतर बाबांचं जगणं बदललं. लिहायला काहीतरी पाहिजे म्हणून ते पाहायला निघू लागले. सकाळी चहा झाला की काठी घेऊन बाहेर. बाजार समितीत सोयाबीनचे ढीग ओतताना जो आवाज होतो तो ऐकायला उभे राहत. शेतात नीलगायी शिरल्या की रखवालदाराबरोबर बांधावर जाऊन बसत. कधी एसटीत बसून, आता प्रवासी म्हणून, खरांगण्याच्या घाटातून वर्ध्याला येत आणि माझ्याकडे चहा घेऊन परत जात. "कायले आले होते बाबा?" विचारलं तर म्हणत, "पळस पाहाले." आणि आठ-दहा दिवसांनी मला भावाच्या पत्रातून कळे, की घाटातला पळस बाबांनी त्याला कसा दाखवला.

एक पत्र मात्र परत आलं. त्यात बाबांनी हिंगणघाटहून आर्वीपर्यंतचा, घरी यायचा रस्ता लिहिला होता आणि समजावं म्हणून बाजूला त्याचं चित्र काढलं होतं, वळणं, पूल, थांबे सगळं. त्यावर लाल पेनानं शेरा होता, 'नकाशा पाठवता येत नाही. मजकूर पाठवावा.'

बाबा तो शेरा वाचून हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, खांदे हालत होते. "त्याहिले वाटलं, मी याले पळाचा रस्ता दाखवून राह्यलो! घरी याचा रस्ता काढला म्या, तर त्याहिचं बी बरोबरच झालं न." मग त्यांनी वळणं शब्दांत लिहिली. कुठे उतार लागतो, कुठे गियर बदलला की गाडी सुस्कारा टाकते, वेणा नदीच्या पुलावर आलं की पावसाळ्यात पाण्याचा वास आधी येतो आणि पाणी मागाहून दिसतं. ते गेलं आत.

भावाची उत्तरं माझ्याकडेही येत. सुरुवातीला चार ओळी, मग पान, मग दोन्ही बाजू भरलेल्या. त्यानंच कळवलं, की त्याच्या बराकीत एक म्हातारे आहेत, कोकणातले, त्यांना कुणाचंच पत्र येत नाही. त्यांनी एकदा विचारलं, मोठ्यानं वाचशील का? तेव्हापासून बाबांचं पत्र आलं की जेवणानंतर चारपाच जण जवळ येऊन बसतात. 'बाबा,' भावानं लिहिलं होतं, 'रस्त्याचं पत्र वाचून दाखवलं. मग एकजण म्हणाला, बस थांबली, उतरा आता. पण कोणी उठलं नाही.'

त्या कोकणातल्या म्हाताऱ्यांनी कापसाचं शेत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारून पाठवलं, बोंड फुटतं तेव्हा आवाज होतो का?

बाबांनी हे मला फोनवर सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात शाळकरी पोराची घाई होती. "मले नाई माहीत पोरी! सगळा जन्म कापसाच्या मुलखात गेला, अन् मले नाई माहीत." ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वावरात ते भर दुपारी जाऊन बसले. एकदा नाही, कितीतरी दुपारी. मी एका रविवारी त्यांना शोधत तिथे गेले, तर कापसाच्या ओळीत डोक्याला दुपट्टा बांधून, मान एका बाजूला कलती करून ते बसलेले. मी हाक मारणार होते, पण त्यांनी न बघताच हात वर केला. मीही ओळीत खाली बसले. ऊन होतं. काही ऐकू येत नव्हतं, आणि मग हळूहळू बरंच काही ऐकू येऊ लागलं: वाळलेल्या पानावर किड्याचे पाय, दूर कुणाचा तरी पंप, माझा स्वतःचा श्वास. माझ्या तोंडासमोर एक बोंड अर्धवट उघडलं होतं, आत पांढरं दाटून बसलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. ते माझ्यासमोर हललं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण आम्ही उठलो तेव्हा ते आधीपेक्षा उघडं होतं.

बाबांनी लिहिलं: 'बुवा, आवाज नाई होत. मले तरी नाई आला. खोटं कायले सांगू. पण आवाज येईन म्हणून बसलो तर दुसरे सगळे आवाज आले. तुमी विचारलं म्हणून मले ते भेटले. तुमचे उपकार आहेत.'

पुढच्या पावसाळ्यात बाबा तापानं पडले. साध्या तापाचा मोठा ताप झाला, प्लेटलेट उतरल्या. मी त्यांना वर्ध्याला आणून दवाखान्यात भरती केलं. त्यांना मी त्या दिवसांत पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं. सलाईन लावलेल्या हाताकडे बघून म्हणत, "पत्र राह्यलं." मी म्हटलं, मी लिहिते. तर म्हणाले, "तुले काय पाह्यलं ते तू लेह. माह्यं मी लेहीन." भावाला काळजी नको म्हणून मी फोनवरही नीट काही सांगितलं नाही. बाबा गावाला गेलेत असं सांगितलं.

बरे झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी मुलाखतीला जायचं म्हटलं. अंगात त्राण नव्हतं, तरी निघाले. खिडकीशी मी अर्ज सरकवला. त्याच मॅडम होत्या. त्यांनी नाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं, आणि खुर्चीवरून उठल्या.

"काका, तुम्ही?"

बाबा गोंधळले. "हव."

"बरे आहात ना? किती दिवस पत्र नाही." त्यांनी मागे कुणी आहे का पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "त्या पुलावरचं पाणी उतरलं का?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं, आजारी पडायच्या आधीच्या शेवटच्या पत्रात बाबांनी लिहिलं होतं, की वेणेला पूर आहे, पुलाच्या कठड्याला पाणी लागलंय आणि कठड्यावर एक खंड्या पक्षी बसलाय, तो काही उठत नाही.

"उतरलं," बाबा म्हणाले. "उतरलं मॅडम. पुलाले काही झालं नाई."

"आणि पक्षी?"

"उडाला असन. मी मंग जाऊ नाई शकलो. दवाखान्यात होतो."

मॅडम खाली बसल्या. चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला. म्हणाल्या, "मी रोज एवढी पत्रं वाचते काका. भांडणं, रडणं, वकील, पैसे. कुणाकुणाचं वाचून घरी गेल्यावर जेवण जात नाही. तुमचं पत्र आलं की मी ते बाजूला काढून ठेवते. सगळी झाली की शेवटी वाचते." मग सावरून त्यांनी अर्जावर शिक्का मारला. "नकाशा मात्र काढू नका हं परत."

"नाई काढत," बाबा म्हणाले.

मी आयुष्यात मोठी माणसं पाहिली आहेत, सभा पाहिल्या आहेत, दीक्षाभूमीवर लोटणारी माणसं लहानपणापासून पाहिली आहेत. पण त्या खिडकीशी उभं असताना मला जे वाटलं ते क्वचितच वाटलं. आमच्या घरातल्या एका अबोल माणसानं आर्वीतल्या अंगणात बसून जे लिहिलं, ते एका भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं वाचत होती. ज्या नियमानं मी चिडले होते, त्याच नियमानं एक परकी बाई आमच्या वेणेच्या पुरात अडकलेल्या पक्ष्याची काळजी करत बसली होती. बाबांना विशेष काही वाटल्याचं दिसलं नाही. आत जाताना एवढंच म्हणाले, "चांगल्या आहेत. मले तर पहिल्यापासून वाटे."

काचेपलीकडे भाऊ बसला होता. फोनचा रिसीव्हर त्यानं उचलला, बाबांनी उचलला. बाबांचे गाल बसलेले पाहून त्यालाही सगळं कळलं. मी वाट बघत होते, आता जेवला काय, तब्येत काय. पण भाऊ म्हणाला, "बाबा, घाटात आता काय फुललं आहे?" आणि बाबांनी सांगायला सुरुवात केली. ते बोलत होते. वेळ संपल्याचं शिपायानं दोनदा सांगितलं तरी बोलत होते.

चांगल्या वागणुकीची सूट मिळून भाऊ सुटला. आता तो आर्वीतच ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये काम करतो. हिंगणघाटच्या त्या माणसाच्या घरी तो आणि बाबा एकदा जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आल्यावर भाऊ दिवसभर अंगणात बाजेवर होता, बाबा त्याच्याजवळ नुसते बसून राहिले. त्या घरचं दुःख आमच्या कुठल्या पत्रानं भरून निघणारं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

भाऊ घरी आल्यावर मला वाटलं, बाबांचं लिहिणं संपलं. आता कुणाला लिहिणार? त्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना अधूनमधून एखादं जातं, तेवढंच. मी रोज फोन करते, तर फोनवर बाबा पूर्वीसारखेच. "जेवली काय? पोरं?" आणि खरखर.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी पोस्टमन आमच्या फाटकाशी आला. सिंदी मेघेत आमच्याकडे बँकेची आणि विम्याची पाकिटं सोडून काही येत नाही. हे साधं पाकीट होतं, मागे आर्वीचा पत्ता, पूर्ण, खाली रेघ मारलेली. मला आधी वाटलं, आर्वीत काही वाईट झालं. तिथंच उन्हात उभी राहून मी ते फाडलं.

'बाई,' बाबांनी लिहिलं होतं, 'तू जवळ आहे म्हणून तुले कधी लेहलंच नाई. तू फोन करते तवा मले काही सुचत नाई. म्हणून सांगतो. आज सकाउन अंगणात मोठ्या चिमणीनं पिलाले उडाले शिकवलं. पहिले पिलू छपराच्या कवेलूच्या कडेले आलं अन् लय वेळ तिथंच बसलं...'

पत्र लांब होतं. फाटक उघडंच राहिलं होतं, आतून मुलगी विचारत होती, आई, कोणाचं आहे? मी तिला हातानं थांब म्हटलं आणि वाचत राहिले.